मी विझवलेला राब

माझी नात कॉलेजात मानसशास्त्र शिकते. परवा जेवता जेवता ती मला समजावून सांगत होती की, ज्या विद्यार्थ्याला आपलं आयुष्य थोडंफार तरी आपल्या हातात आहे असं वाटतं, त्याचं मन ठणठणीत राहतं. आणि ज्याचं सगळं दुसरेच ठरवतात, ते पोर कोमेजून जातं. मी म्हटलं, "एवढं शिकायला तुला तीन वर्षं लागणार? मला एका दुपारी कळलं होतं."

"ते कसं गं आजी?"

"आग विझवताना."

तिला वाटलं, म्हातारी नेहमीप्रमाणे थापा मारतेय. थापा मी मारते, ते नाकारत नाही. पण ही थाप नाही. थाप असती तर तिच्यात मी इतकी मूर्ख दिसले नसते.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं आणि नंतरची सात-आठ, मी शहापुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. प्राथमिक शाळेच्या शिक्षिका तयार करणारा एक लहानसा ट्रेनिंग वर्ग होता, त्याचं हे वसतिगृह. वर्गाच्या दोन खोल्या, पुढे पडवी, मागे एक लांबट कौलारू चाळ आणि चाळीमागे पाणथळ जमिनीचा एक रिकामा तुकडा. गावात मात्र त्याला सरसकट 'पोरींचं कॉलेज' म्हणत. टांगेवालासुद्धा "कॉलेजात सोडू का?" असं विचारायचा, आणि मी मान ताठ करून "हो" म्हणायची. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या खेड्यांतून सातवीची फायनल पास झालेल्या मुली यायच्या. बहुतेक भातशेती करणाऱ्या घरच्या, काही लग्न झालेल्या, काही लहानपणीच विधवा झालेल्या. दोन वर्षं शिकायचं आणि मग कुठल्यातरी खेड्यात बाई म्हणून जायचं.

रेक्टर नक्की काय करते, असं मला अजून लोक विचारतात. ती तांदळातले खडे आणि मुलींच्या बोलण्यातलं खोटं, दोन्ही निवडते. विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं ते बघते. भेटायला आलेला मामा खरा मामा आहे की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून नाही, मुलीच्या चेहऱ्यावरून ओळखते. ताप खरा की गणिताचा, तेही तिला कपाळाला हात न लावता कळावं लागतं. हे सगळं मला पुढे येऊ लागलं. पण ज्या वर्षाचं मी सांगतेय, त्या वर्षी मला यातलं काहीही येत नव्हतं आणि सगळं येतं अशी माझी खात्री होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांची. पुण्यात शिकलेली. आमचे हे जंगल खात्यात, शहापूरच्या लाकडाच्या डेपोत कारकून, म्हणून मी या गावात. मनगटावर ह्यांचं जुनं घड्याळ, हातात पितळी घंटा, नाकावर राग. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या बाजूने जाईन.

त्या बाईने काय केलं असेल, तर एक वेळापत्रक. पुठ्ठ्यावर, लाल-निळ्या शाईत. उठणं, झाडणं, आंघोळ, अभ्यास इथवर ठीक. पण सोमवारी कुठलं लुगडं नेसायचं, जेवायला कोणाशेजारी कोणी बसायचं, केसांना तेल कधी, भारंगी नदीवर धुणं धुवायला कोणत्या चार जणी, संध्याकाळी कोणती प्रार्थना कोणी सांगायची, खिडकी कधी उघडायची, हेही त्यात होतं. आंघोळीचे तांबे मोजलेले होते. माझी कल्पना अशी की, मुलींनी डोकं फक्त अभ्यासाला वापरावं. बाकीच्या कामांना माझं आहेच.

पालक खूश होते. एक बाप मुलीला पोचवायला आला होता, तो हात जोडून म्हणाला, "बाई, एकच सांगनं हाय. पोरीला इचार करायला लावू नका. आमच्या घरात कुनी करत नाय."

मी म्हणाले, "काळजीच सोडा."

आणि खरोखरच, दिवाळीपर्यंत माझ्या वसतिगृहात कोणी विचार करेनासं झालं. आवाज नाही, भांडण नाही, हसणं तर नाहीच. तपासनीस बाई आल्या त्या म्हणाल्या, "किती शिस्त!" मी घरी येऊन ह्यांना ते तीनदा सांगितलं. हे एकदा सहज चाळीत डोकावून गेले होते. म्हणाले, "अगं, आमच्या डेपोतले ओंडकेसुद्धा तुझ्या मुलींपेक्षा जास्त हलतात."

मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

मग डोकेदुखी सुरू झाली. आधी एकीची, मग चौघींची, मग निम्म्या चाळीची. कोणाला भूक लागेना, कोणाला दिवसभर झोप. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुलाबी मिक्श्चर दिलं. बाटलीवर डोस दाखवणारी कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली. बाटल्या संपत, डोकी दुखत राहत. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, या मुलींना आजार नाही. पण या बऱ्याही नाहीत. मला औषध सुचत नाही."

मला सुचलं. ज्या जास्तच कोमेजतात त्यांना घरी पाठवायचं. उंबरमाळीच्या बाजूची चांगुणा नावाची मुलगी होती. जंगलातल्या वाडीवर वाढलेली, झाडावर चढणारी. ती पानावर बसून भाताकडे नुसती बघत राहायला लागली, तेव्हा मी तिच्या चुलत्याला पत्र टाकलं: मुलीला इथलं मानवत नाही, घेऊन जावं. चुलता आला, घेऊन गेला. चांगुणाने जाताना माझ्याकडे पाहिलं. मी तिला विचारलंही नव्हतं की, बाई गं, तुला जायचंय का? मला ते सुचलंच नाही. पत्र टाकल्यावर आपण किती समंजस आहोत असं वाटून मी त्या रात्री छान झोपले. पुढे बऱ्याच वर्षांनी मी तिची चौकशी केली. तिला घाटावर कुठेतरी देऊन टाकली होती, एवढंच कळलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या, त्यांतल्या बहुतेक सांगताना मला हसू येतं. ही सांगताना येत नाही.

चांगुणा गेली आणि माझं लक्ष द्रौपदीकडे गेलं.

द्रौपदी धसईजवळच्या एका खेड्यातली. चौदाव्या वर्षी विधवा. तिच्या सासऱ्याचं नाव गोमाजी. भातशेती करणारा साधा माणूस, पण त्याच्या डोक्यात एक निराळाच उजेड होता. मुलगा गेल्यावर तो लोकांना म्हणाला होता, "माझा पोरगा गेला, त्यात पोरीनं काय केलं? ती शिकंल." आणि खरोखरच त्याने तिला सातवीपर्यंत शिकवली, मग धसईहून सरळगाव-किन्हवलीच्या वाटेने बैलगाडीतून माझ्या दारात आणून सोडली. ती आली तेव्हा विशीची होती, धडधाकट, रुंद हाडाची. चैत्र आला तेव्हा तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या.

काहीही विचारा, तिचं एकच उत्तर. "द्रौपदी, भात घालू का?" "तुमी सांगाल तसं." "बरं वाटत नाही का?" "तुमी सांगाल तसं, बाई." आता बरं वाटणं मी कसं सांगणार? पण त्या वेळच्या मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मुलगी नम्र आहे, असं वाटलं.

मग तिचा सराव पाठ झाला. म्हणजे शिकाऊ शिक्षिकेने खऱ्या शाळेतल्या खऱ्या पोरांना धडा शिकवायचा आणि आमचे मास्तर मागे बाकावर बसून बघणार. विषय एरवी नेमून दिलेला असायचा. त्या दिवशी मास्तर चांगल्या मनाने म्हणाले, "द्रौपदी, आज तुला आवडेल ते शिकव." ती फळ्यासमोर खडू हातात घेऊन पाऊण तास उभी राहिली. पोरं आधी हसली, मग कंटाळली, मग एकेक करून बाहेर जाऊन खेळायला लागली. ती तशीच उभी. मास्तरांनी तिला हाताला धरून आणलं आणि मला म्हणाले, "बाई, ही आजारी आहे. परीक्षेला महिना राहिलाय. ही बसायची नाही."

मी त्याच संध्याकाळी गोमाजीला पत्र लिहिलं. भाषा माझी, म्हणजे पुण्याची. 'आपली सून मनाने खचली आहे. तिला भान राहत नाही. तिला सांभाळणे आमच्या शक्तीबाहेर आहे. तरी त्वरित येऊन घेऊन जावे.' सकाळी पत्र पेटीत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते घडलं.

दुपारी दोन ते तीन विश्रांती. वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं, म्हणून सगळ्या मुली आडव्या झाल्या होत्या आणि मी खुर्चीत बसून डोळे मिटून देखरेख करत होते. मला धुराचा वास आला. मागच्या दारात जाऊन पाहते, तर त्या पाणथळ तुकड्याच्या कडेला गवताचा-फांद्यांचा मोठा थर, त्याच्या एका टोकाला जाळ, आणि जाळाला पाठ न दाखवता, हातभर अंतरावर, काडेपेटी घेऊन द्रौपदी उभी. पदर खोचलेला. डोळे जाळावर.

विधवा मुलगी, महिनोन्‌महिने मुकी, अन्न सोडलेलं, आणि समोर स्वतः रचलेली चिता. मला दुसरं काय वाटणार होतं? मी किंचाळले. हंडा उचलला आणि धावले. एका हंड्याने भागेना, तेव्हा "उठा गं, पाणी आणा!" म्हणून सगळी चाळ उठवली. चैत्रातल्या विहिरीचं, दोन दिवस पुरवायचं पिंपभर पाणी आम्ही त्या जाळावर ओतलं. मी शेवटचा हंडा ओतला आणि द्रौपदीला घट्ट मिठी मारून रडायला लागले.

तिने मला ढकललं. अगदी दोन्ही हातांनी.

"बाई! काय केलात हे! माझा राब इझवलात!"

हा आवाज या मुलीच्या पोटात होता?

"पंधरा दिस पाला गोला केला मी! शेन मागून आनलं! सगला वला करून टाकलात! कुनाला इचारनं नाय, काय नाय, पानी घेतलं न् आल्या!"

"अगं, मला वाटलं तू... तू जाळून घेतेयस."

"मी कशाला जलू? जलायचा तो राब!"

मागे सतरा मुली रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक फुसकन हसली. मग दुसरी. त्या वर्षात वसतिगृहात ऐकू आलेलं ते पहिलं हसू, आणि ते मला हसत होतं. पदर भिजलेला, केस सुटलेले, घड्याळात पाणी गेलेलं, अशी मी तिथे चिखलात उभी.

"राब म्हणजे काय गं?" मी विचारलं.

द्रौपदीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी 'भात म्हणजे काय' विचारलं होतं. मग तिने सांगितलं. आमच्या भागात भाताचं रोप ज्या तुकड्यावर करायचं, तो तुकडा पावसाआधी भाजतात. खाली शेण, त्यावर झाडांची छाटलेली टहाळं, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर, म्हणजे जाळ भडकत नाही, धुमसत राहतो. पेटवायचं ते वाऱ्याच्या उलट्या बाजूने. वाऱ्याच्या बाजूने पेटवलं तर आग वरवर पळून जाते, जमीन कच्ची राहते. म्हणून पेटवणाऱ्याने जवळ उभं राहायचं, वाऱ्यावर नजर ठेवायची. नीट भाजलेल्या जमिनीत तण उगवत नाही, रोप तरारून येतं.

ती बोलत होती, हाताने थर दाखवत होती, मधेच "कललं का?" असं विचारत होती. दोनच दिवसांपूर्वी फळ्यासमोर जिला शब्द सुचला नव्हता, तिने मला असा धडा शिकवला की, आज पन्नास वर्षांनी मी तो तुम्हाला जसाच्या तसा सांगतेय.

"पण तू हे केलंस का? कोणी सांगितलं तुला?"

"कुनी नाय सांगितलं," ती म्हणाली. "म्हनूनच केला." मग खाली बघत: "घरी राब मीच भाजायची, बाई. मामंजी बी मलाच इचारायचे, आज वारा कसा हाय गो? मला वारा कलतो. इथं मला कायच कलत नाय. सगलं तुमालाच कलतं."

मी पुष्कळ शिकलेली बाई होते. मी वाकून रिकामा हंडा उचलला.

आणि मग मला पत्र आठवलं.

मी ओल्या लुगड्यानिशी पोस्टात गेले. मुरबाडकडची थैली आदल्या दिवशीच गेली होती. परत येऊन मी द्रौपदीला सगळं सांगितलं, कारण न सांगण्याइतकी हिंमत माझ्यात उरली नव्हती. तिचा चेहरा परत पहिल्यासारखा झाला.

"मामंजी वाचत नाय, बाई," ती म्हणाली. "कागद आला की तलाठी वाचतो. चावडीवर. सगल्यांपुढं."

हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी म्हणाले, "तू घाबरू नकोस. ते आले की मी त्यांना समजावते. मी बघते सगळं."

"तुमी बघताच ना, बाई," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी घरी हा सगळा प्रकार ह्यांना सांगितला. हे आधी खुर्चीत हसले, मग खुर्ची सोडून हसले. "अगं, राबाच्या टहाळांवरून आमचं निम्मं खातं शेतकऱ्यांशी भांडत असतं, आणि तू चिता समजलीस?" मग माझा चेहरा बघून परत खुर्चीत बसले. म्हणाले, "ती मुलगी पंधरा दिवस तुझ्या डोळ्यांदेखत पाला गोळा करत होती. आणि तुला दिसली नाही."

दुसऱ्या दिवशी मी वेळापत्रकातला संध्याकाळी पाच ते सहाचा रकाना खोडला. मुलींना सांगितलं, हा तास तुमचा, काय हवं ते करा. बिचाऱ्या पडवीत रांगेने बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. एकीने तर विचारलं, "बाई, काय हवं ते म्हंजी काय करायचं?" मी चक्क पळून विहिरीमागे जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या जागा आपसांत बदलल्या. चौथ्या दिवशी सारीपाटावरून असं कडाक्याचं भांडण झालं की, शेजारच्या घरातली माणसं बघायला आली. हे ऐकून तुम्ही मला वेडी म्हणाल, पण त्या भांडणाच्या दिवशी मिक्श्चरच्या बाटलीला कोणी हात लावला नव्हता.

द्रौपदी मात्र यात कुठेच नव्हती. ती भिजलेला पाला उन्हात पसरत होती आणि वाटेकडे बघत होती.

गोमाजी आला तो बैलगाडी घेऊनच. पडवीत टेकला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, एका फडक्यातली करवंदं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "बाई, तुमी लई केलात. तुमचा कागद तलाठ्यानं वाचला. गाव म्हनतं, पोरीला लागीर झालंय. आमच्या भावकीनं भगत बोलवून ठेवलाय. तो उतरवंल म्हनतो. मग ऱ्हाईल घरात बसून. माझंच चुकलं. मी उगा शिकवायला गेलो."

तुम्हाला सांगते, या माणसाचा आवाज मला आजही ऐकू येतो. सगळ्या गावाविरुद्ध उभा राहिलेला माणूस माझ्या पाच ओळींनी खाली बसला होता. आता ती त्या गाडीत बसली, तर पुढे काय, हे दिसायला मला भगताची गरज नव्हती. अंगारा, धूर, कोपऱ्यातली जागा, आणि जन्मभर 'ती येडी द्रौपदी'.

मी सुरू केलं, "गोमाजीबाबा, त्याचं असं आहे की—"

"बाई, तुमी बोलू नका." द्रौपदी दारात उभी होती.

माझ्या नोकरीत मी साथीचे रोग पाहिले, लढाईतली टंचाई पाहिली, पण गप्प बसण्याइतकं अवघड काम मला कधी पडलं नाही. पदराचं टोक तोंडात धरून मी बसले.

"मामंजी, मागं चला," ती म्हणाली. "एक दाखवायचं हाय."

तो उठला. आम्ही तिघं मागच्या तुकड्याकडे गेलो. गोमाजीने तो अर्धवट काळा झालेला, अर्धवट भिजलेला थर पाहिला. उकिडवा बसला. एका कडेला बोट खुपसून थर उचलला, शेण बघितलं, टहाळं बघितली. माती चिमटीत घेऊन सोडली आणि ती कुठे उडते ते पाहिलं.

"कुनी घातला ह्यो?"

"मी."

"माती कुटनं आनलीस?"

"बांधाची. चालनीनं चालून घेतली."

"वारा कुठला व्हता?"

"खाडीकडचा."

"मग पेटवलास कुटनं?"

"ह्या अंगानं. डोंगराच्या."

"हं." तो भिजलेल्या भागाकडे वळला आणि त्याचा चेहरा बदलला. एखाद्याने भरल्या ताटात पाणी ओतावं तसा. "आनि ह्यो इझवला कुनी?"

द्रौपदीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. गोमाजीनेही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत मला जे कळलं ते असं की, त्या गावातल्या भगताला खरं गिऱ्हाईक हवं असेल, तर ते इथे उभं आहे.

मग तो उठला, हात धोतराला पुसले आणि स्वतःशीच बोलावं तसा बोलला, "येड्या मानसाला असा राब घालता येत नाय. धा वरसं माझ्या हाताखाली काम केलेल्या गड्याला नाय येत." आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "द्रौपदे, खरं सांग गो. तुला काय करायचंय?"

मला वाटलं, आता ती म्हणणार, 'तुमी सांगाल तसं.'

तिने एक जळकं टहाळ पायाने सरकवलं. मग म्हणाली, "आज पाला सुकंल. उद्या राब परत पेटवनार. मग परीक्षा देनार. नापास झाले तर झाले. मग लावनीला घरी येनार, तिकडं हात कमी पडतात. आनि लावनी झाली की परत येनार. न् त्या भगताला सांगा, त्याला जेवू घालायचं तर घाला, पन मी त्याच्यापुढं बसनार नाय."

इतकी वाक्यं एका दमात! गोमाजी हसला. त्याला वरचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

पण पडवीत परत आल्यावर त्याने पागोटं पुन्हा मांडीवरच ठेवलं. "माझं काय नाय," तो म्हणाला. "मी ऐकलं, मला पटलं. पन गावात मी तोंडानं सांगितलं तर म्हनतील, म्हातारा सुनंची बाजू घेतो. ती परत आली की पोरं दगड मारतील. चावडीवर कागदानं बिघडवलंय, बाई. तिथं कागदच पायजे."

ते मी करू शकत होते! मला इतका आनंद झाला की, मी धावत जाऊन कागद, दौत, टाक घेऊन आले, बैठक मारली आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहायला घेतलं: 'कृतानेक नमस्कार विनंती विशेष. मागील पत्रात नमूद केलेल्या मजकुरासंबंधी खुलासा करण्यात येतो की, आपली सून—'

"बाई," द्रौपदी म्हणाली. "कागद हिकडं द्या."

"अगं, मी लिहितेय ना चांगलं."

"माझ्याबद्दल हाय ना? मग द्या."

मी दिला. तिने मी लिहिलेला भाग फाडून बाजूला ठेवला, उरलेला कागद पाटावर घेतला आणि लिहायला बसली. तिचं अक्षर मोठं आणि गोल. मधेच टाक दातात धरून विचार करायची, मग पुन्हा लिहायची. गोमाजी तिच्या हाताकडे एकटक बघत होता. त्या हाताने भात लावलेला त्याने पाहिला होता, लिहिताना बहुधा पहिल्यांदाच बघत होता. आत मुली दाराआड गर्दी करून उभ्या होत्या आणि मला ते दिसत असूनही मी त्यांना हाकललं नाही.

पान भरलं. तिने कागद माझ्यापुढे धरला. "खाली सही करा. रेक्टर म्हनून. तुमची सही पायजे, नायतर तलाठी म्हनंल, हिनंच लिवलंय."

एक नियम मी वर सांगायला विसरले. नियमच इतके होते. वसतिगृहातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद रेक्टरने वाचूनच जायचा. तो नियम माझाच. मी हात पुढे केला, तशी द्रौपदीने कागदाची वरची घडी घातली. फक्त सहीपुरती जागा उघडी ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. उद्धटपणे नाही. थांबली होती नुसती.

मी सही केली.

तिने फुंकर मारून शाई सुकवली, घडी पूर्ण केली आणि सासऱ्याच्या हातात दिली. त्याने ती पागोट्याच्या आत नीट ठेवली, पागोटं डोक्यावर चढवलं. निघता निघता दारात थांबला आणि मला हळूच विचारलं, "काय लिवलंय हो, बाई?"

"मला काय माहीत," मी म्हणाले. "तिला विचारा."